टॉवर नसलेल्या एअरपोर्टवर रेडिओवर बोलायचं कसं? तीन शनिवारांच्या कोर्सचा रिव्ह्यू

मागच्या दोन महिन्यांत मी इथे कॅलिफोर्नियात एका छोट्या फ्लाइंग स्कूलचा तीन शनिवारांचा रेडिओ कोर्स केला. विषय एवढाच, की ज्या एअरपोर्टला कंट्रोल टॉवर नाही तिथे पायलटनं रेडिओवर काय बोलायचं, कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं. ऐकायला छोटा विषय वाटतो, पण आता वाटतंय की लायसन्स मिळायच्या आधीच हा केला असता तर किती बरं झालं असतं. आपले बरेच मराठी लोक बे एरियात, टेक्सासमध्ये, फ्लोरिडात हौसेनं विमान शिकतायत, पुण्या-नाशकाची पोरं कमर्शियल लायसन्ससाठीही इकडे येतात, म्हणून म्हटलं सविस्तर लिहू. स्कूलचं नाव टाकत नाही कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि जागा छोटी आहे, चार-पाच माणसं मिळून चालवतात. बे एरियातून ५८० हायवेवरून अल्टामाँट पास ओलांडून सेंट्रल व्हॅलीत उतरलं की तिकडच्या शेतांच्या मधे कुठेतरी, एवढं सांगतो.

हा कोर्स का केला ते आधी सांगतो. मी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूला शिकलो, तिथे टॉवर आहे. टॉवरच्या एअरपोर्टवर शिकलेल्या माणसाला सवय लागते की आपण विचारायचं आणि वरून कोणीतरी सांगायचं, टॅक्सी कर, थांब, तुझा नंबर दोन, रनवे क्लिअर टू लँड. शिकताना इन्स्ट्रक्टरबरोबर टॉवर नसलेल्या ठिकाणी गेलो होतो पण बाजूला ते बसलेले असायचे, कुठे चुकलं की लगेच माइक घ्यायचे. लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा एकटा व्हॅलीतल्या एका छोट्या एअरपोर्टला गेलो आणि रेडिओवर चक्क "रिक्वेस्ट लँडिंग" म्हणालो. उत्तर नाही. परत म्हणालो. उत्तर देणारं तिथे कोणी नव्हतंच, आणि मी उत्तराची वाट बघत तसाच पुढे पुढे चाललो होतो. तेवढ्यात खाली डावीकडे एक पिवळं जुनं पायपर कब डाउनविंडला, म्हणजे उतरायच्या आधी रनवेला समांतर उलट्या दिशेनं जाताना दिसलं, रेडिओवर त्याचा एक शब्द नव्हता, कारण बऱ्याच कब विमानांना इलेक्ट्रिकल सिस्टिमच नसते आणि अशा एअरपोर्टवर रेडिओ बाळगायची सक्तीही नाही. मी वळून लांब गेलो, पाच मिनिटं लांबच फिरलो, मग नीट येऊन उतरलो. काही झालं नाही पण दोन रात्री झोप लागली नाही. रेडिओवर कोणी बोललं नाही म्हणजे तिथे कोणी नाही, असं मी धरून चाललो होतो.

थोडं बेसिक सांगतो, ज्यांना माहितेय त्यांनी पुढे जावं. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे साधारण पाच हजार एअरपोर्ट आहेत आणि त्यातल्या पाचशेच्या थोडं वर ठिकाणीच टॉवर आहे. बाकी सगळीकडे पायलट एकमेकांशी बोलून, एकमेकांना बघून काम चालवतात. त्या एअरपोर्टची एक ठरलेली कॉमन फ्रिक्वेन्सी असते, तिला सगळे सीटॅफ म्हणतात, १२२.७, १२२.८, १२३.० अशा काही ठरावीक फ्रिक्वेन्सी बऱ्याच एअरपोर्टना वाटून दिलेल्या असतात, आणि जिथे काहीच दिलेलं नसतं तिथे १२२.९. अशा एअरपोर्टच्या आजूबाजूला जमिनीपासून ७०० किंवा १२०० फुटांपर्यंत बहुतेक वेळा क्लास जी असतो म्हणजे खरंखुरं अनकंट्रोल्ड, त्याच्या वर क्लास ई लागतो, तो नावाला कंट्रोल्ड आहे पण नुसतं बघून उडणाऱ्याला म्हणजे व्हीएफआरवाल्याला तिथेही रेडिओची सक्ती नाही. गंमत म्हणजे भारतात रेडिओवर बोलायला आरटीआरचं वेगळं लायसन्स काढावं लागतं, त्या परीक्षेचं पोरांना केवढं टेन्शन असतं, आणि इथे देशातल्या देशात उडताना पायलटला रेडिओचं वेगळं लायसन्सच लागत नाही. त्यामुळे होतं काय की इन्स्ट्रक्टर जसं बोलतो तसं पोरगं बोलतं, चुकीच्या सवयींसकट.

पहिला शनिवार हँगरमध्ये. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आसपासच्या, सगळं आयुष्य याच व्हॅलीत उडवलेलं. त्यांनी हँगरच्या फरशीवर खडूनं रनवे आखला होता, त्याच्या बाजूनं पॅटर्न, म्हणजे उतरताना रनवेभोवती घ्यायचा ठरलेला चौकोनी फेरा, त्यातलं डाउनविंड, मग आडवं बेस, मग रनवेच्या सरळ रेषेतलं फायनल सगळं, आणि आम्हाला प्रत्येकाच्या हातात खेळण्यातला वॉकीटॉकी देऊन चालायला लावलं. खऱ्या एअरबँड फ्रिक्वेन्सीवर प्रॅक्टिस म्हणून बोलायला परवानगी नसते म्हणून वॉकीटॉकी. नऊ मोठी माणसं हातात डबडी घेऊन फरशीवर गोल फिरतायत, पण खरं सांगतो, दहा मिनिटांत घाम फुटला. कारण चालता चालता आपण कुठे आहोत हे बोलायचं, आणि त्याच वेळी बाकीचे आठ जण कुठे आहेत हे डोक्यात धरायचं, आणि बाई मधेच येऊन खांद्यावर हात ठेवून विचारायच्या, तुझ्या पुढे कोण आहे? त्याचा रंग काय सांगितला त्यानं? मी पहिल्या तीन वेळा सांगू शकलो नाही. मी माझं पुढचं वाक्य जुळवण्यातच इतका गुंतलो होतो की कानात काही शिरतच नव्हतं.

कॉल कसा करायचा ते सोपं आहे, आधी कोणाशी बोलतोय, मग मी कोण, मग कुठे, मग काय करणार, आणि शेवटी परत एअरपोर्टचं नाव. "हॉलिस्टर ट्रॅफिक, सेसना फाइव्ह फोर टँगो, टेन माइल्स ईस्ट, फोर थाउजंड फाइव्ह हंड्रेड, इनबाउंड फॉर लँडिंग, हॉलिस्टर." दहा मैलांवर पहिला कॉल, मग डाउनविंड, बेस, फायनल आणि रनवेवरून बाहेर पडल्यावर. जाताना टॅक्सीच्या आधी आणि रनवेवर चढायच्या आधी, आणि निघाल्यावर दहा मैलांपर्यंत कान तिथेच ठेवायचे. हे मला पाठ होतं. पण एअरपोर्टचं नाव दोनदा का, हे मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. बाईंनी आधी कारण सांगितलं, मग करून दाखवलं. बरेच जण बटण दाबायच्या आधीच तोंड उघडतात, पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द म्हणजेच एअरपोर्टचं नाव. आता एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूच्या पाच-सहा एअरपोर्टना दिलेली असते, आणि हा रेडिओ सरळ रेषेत जातो म्हणजे जितके उंच तितका लांब ऐकू येतो, तीन हजार फुटांवरून बोललात तर जमिनीवर साधारण सव्वाशे किलोमीटर लांबपर्यंत. म्हणजे तुम्ही "टर्निंग फायनल, रनवे टू फाइव्ह" म्हणालात आणि नाव कापलं गेलं, तर दुसऱ्या कुठल्यातरी रनवे २५ वर फायनलला असलेला माणूस दचकणार. म्हणून शेवटी परत नाव. आता मी बटण दाबतो, एक श्वास घेतो, मग बोलतो.

पण मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच होती. बाईंनी माझे पहिल्या दिवसाचे कॉल रेकॉर्ड करून परत ऐकवले आणि म्हणाल्या, तू प्रत्येक वाक्यात परवानगी मागतोयस. खरंच होतं. "वुड लाइक टू", "इफ पॉसिबल", "रिक्वेस्ट", एकदा तर "काइंडली". आपल्याकडे शाळेपासून दारात उभं राहून "सर, आत येऊ का" विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे अंगात भिनलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे, पण जिथे परवानगी देणारं कोणी नाही तिथे ती मागणं धोक्याचं आहे. कारण ऐकणाऱ्याला कळत नाही की हा येतोय की अजून विचारतोय. तिथे सांगायचं असतं. मी इथे आहे, मी हे करतोय. हे उद्धटपणाचं नाही, उलट समोरच्याची सोय त्यातच आहे, त्याला ठरवता येतं आपण काय करायचं. आणि हे पण तितकंच खरं की रेडिओवर सांगितलं म्हणून तुम्हाला हक्क मिळत नाही. राइट ऑफ वेचे म्हणजे आधी कोणी जायचं याचे नियम वेगळे आहेत, कोण उतरतंय, कोण खाली आहे त्यावरून ते ठरतात, आधी कोण बोललं त्यावरून नाही. बॅचमधला एक जण वाद घालत होता की मी फायनल म्हणालो म्हणजे रनवे माझा झाला, बाईंनी त्याला शांतपणे नियम काढून वाचायला दिला.

दुसरं एक वाक्य जे आपण सगळ्यांनी ऐकलंय, बऱ्याच जणांनी वापरलंय, "एनी ट्रॅफिक इन द एरिया प्लीज ॲडव्हाइज". मी पण वापरायचो, चांगलं नम्र वाटायचं. एफएएच्या म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत वापरू नका. का? कारण चार विमानं असतील तर चौघंही एकदम उत्तर द्यायला जातात. आणि एअरबँड एएम आहे, एफएम नाही. एफएममध्ये जोराचा सिग्नल हळू सिग्नलला दाबून टाकतो, एएममध्ये दोघं एकदम बोलले की कानात नुसती शिट्टी वाजते, दोघांचंही धड ऐकू येत नाही, आणि बोलणाऱ्याला कळतही नाही की आपलं कोणी ऐकलं नाही. बाईंनी त्याचं रेकॉर्डिंग वाजवलं, अक्षरशः दात शिवशिवावेत असा आवाज. त्यापेक्षा आधीच फ्रिक्वेन्सी लावून दोन-तीन मिनिटं ऐकलं की कोण कुठे आहे ते बरंचसं कळतं, विचारायची गरजच पडत नाही.

याच दिवशी त्यांनी क्विन्सीच्या अपघाताबद्दल सांगितलं. इलिनॉयमधलं क्विन्सी, १९ नोव्हेंबर १९९६, टॉवर नसलेला एअरपोर्ट. युनायटेड एक्सप्रेसचं बीचक्राफ्ट १९०० रनवे १३ वर उतरायला येत होतं. रनवे ०४ वर एक किंग एअर विमान टेकऑफसाठी उभं होतं आणि त्याच्या मागे एक छोटं पायपर चेरोकी. दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात. १९०० च्या क्रूनं रेडिओवर विचारलं, रनवे फोरच्या टोकाला असलेलं विमान थांबणारे की टेकऑफ करणारे? किंग एअरकडून काहीच आलं नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीनं, नंबर सांगून, की रनवे फोरला डिपार्चरसाठी होल्ड करतोय, त्याच्या बोलण्यात "किंग एअर" हे शब्द आले, आणि नेमकं मधेच १९०० च्या कॉकपिटमध्ये उंचीचा ऑटोमॅटिक आवाज वाजला, "टू हंड्रेड". क्रूला वाटलं किंग एअरनंच सांगितलं की मी थांबलोय. त्यांनी आभार पण मानले. किंग एअरनं टेकऑफ रोल सुरू केला. १९०० मधले १२ आणि किंग एअरमधले २, चौदा माणसं गेली. धडकेनंतर १९०० मधले लोक जिवंत होते पण दरवाजा उघडला नाही आणि आग पोचली. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता आणि हँगरमध्ये कोणी हललं नाही. त्या म्हणाल्या, यात कोणीही खोटं बोललं नव्हतं, कोणाचाही हेतू वाईट नव्हता. ज्याला विचारलं त्यानं बोलायचं होतं, आणि ज्याला विचारलं नव्हतं त्यानं बोलायचंच असेल तर आधी "मी चेरोकी, किंग एअरच्या मागे" हे शब्द टाकायचे होते. त्या दिवसापासून मी माझ्या कॉलमध्ये विमानाचा प्रकार कधी गाळत नाही, आणि जमलं तर रंगही सांगतो, कारण हवेत शेपटीवरचा नंबर कोणाला वाचता येत नाही पण पांढरं-लाल हाय-विंग विमान शोधता येतं.

दुसरा शनिवार, आणि माझ्या मते पैसे इथेच वसूल झाले. काही बोलायचं नाही. रनवेपासून बाजूला कुंपणाच्या आत खुर्च्या टाकून सकाळी आठ ते दहा नुसतं बसायचं, प्रत्येकाला एकेक हँडहेल्ड रेडिओ, फक्त ऐकण्यापुरता, आणि कागदावर पॅटर्नचं चित्र. प्रत्येक कॉल ऐकला की त्या विमानाचा ठिपका कागदावर मांडायचा, मग मान वर करून बघायचं की खरंच तिथे आहे का. पहिल्या अर्ध्या तासात माझे निम्मे ठिपके चुकले. काहींमध्ये चूक माझी होती, मी उजवं-डावं उलटं धरलं होतं. काहींमध्ये चूक बोलणाऱ्याची. एक जण "टू माइल फायनल" म्हणाला आणि डोळ्यांना दिसत होता तो चांगला चार-पाच मैल लांब. एक जण इन्स्ट्रुमेंट ॲप्रोचच्या फिक्सचं, म्हणजे उपकरणांवरून उतरणाऱ्यांच्या नकाशावरच्या एका बिंदूचं नाव घेऊन "इनबाउंड" म्हणाला, आमच्यातल्या ज्यांना इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही त्यातल्या एकालाही कळलं नाही तो कुठे आहे. बाईंचं म्हणणं, हे फार लोक करतात आणि आपण काहीतरी प्रोफेशनल बोललो असं त्यांना वाटतं, पण पॅटर्नमध्ये एखादं सतरा वर्षांचं पोर पहिल्या सोलोवर असतं, त्याला मैल आणि दिशा सांगा, उत्तरेला पाच मैल, बस. आणि एक फवारणीचं विमान तर दोनदा आलं आणि गेलं, एकदाही बोललं नाही, सरळ शेताकडून खालून येऊन उतरलं, टाकी भरली, उलट्या बाजूनं उडालं. आमच्या कागदावर त्याचा ठिपका कोणाच्याच नव्हता. व्हॅलीत उडणाऱ्यानं हे चित्र डोक्यात पक्कं ठेवायला हवं. टॅबलेटवर एडीएस-बीचे, म्हणजे विमानं आपली जागा आपोआप कळवतात त्याचे ठिपके दिसतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ज्याच्याकडे ट्रान्सपाँडर म्हणजे असा सिग्नल पाठवणारं यंत्रच नाही तो तिथेही दिसत नाही.

आठ ते दहा संपेपर्यंत माझे ठिपके बरोबर यायला लागले होते. ती भावना कशी सांगू, डोळे मिटून आवाजावरून आकाश दिसायला लागतं. आजी स्वयंपाकघरात बसून बाहेरच्या खोलीत कोण आलं, कोण गेलं, कोणी कुठलं कपाट उघडलं सगळं सांगायची, तसं काहीतरी.

तिसऱ्या शनिवारी उडायचं. दोघा-दोघांच्या जोड्या, एक बोलणार, एक मागे बसून ऐकणार, मग बदली. आम्ही पाचेको पासवरून हॉलिस्टरला गेलो. ठिकाण मुद्दाम निवडलेलं, तिथे ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडतात, कॅल फायरचा एअर अटॅक बेस म्हणजे वणवे विझवणाऱ्या विमानांचा तळ आहे, शिवाय दोन रनवे एकमेकांना छेदणारे, म्हणजे सगळ्या प्रकारची ट्रॅफिक एकाच जागी. डोंगर ओलांडायच्या आधीच ऑटोमॅटिक हवामान ऐकून वारा कळला, मग सीटॅफ लावून नुसतं ऐकत राहिलो. दोघं पॅटर्नमध्ये, एक ग्लायडर एअरपोर्टच्या पूर्वेला. दहा मैलांवर कॉल केला, एका श्वासात, एकही "रिक्वेस्ट" नाही. पाच मैलांवर ग्लायडरवाला म्हणाला की तो पॅटर्नमध्ये येतोय. ग्लायडरला परत वर जायचा पर्यायच नसतो, त्याला इंजिनवाल्यांच्या आधी मान द्यायचा हा नियमही आहे. मी म्हणालो ग्लायडर दिसलाय, मी डाउनविंड लांबवतो, नंबर दोन. दोन सेकंदांनी त्याचा "थँक यू" आला. बस एवढंच. कोणी कोणाला परवानगी दिली नाही, कोणी वर बसून वाटणी केली नाही, दोन अनोळखी माणसांनी आपापसात ठरवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परत येताना बाईंनी हवेतच पश्चिमेकडे बोट दाखवलं, त्या बाजूला वॉटसनव्हिल. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथे सेसना ३४० आणि सेसना १५२ फायनलवर धडकली, तीन माणसं गेली. १५२ पॅटर्नमध्ये टच अँड गो, म्हणजे उतरून लगेच परत उडायची प्रॅक्टिस करत होतं, ३४० ट्विन इंजिन, लांबून सरळ आत येत होतं आणि नेहमीच्या ॲप्रोचपेक्षा फार वेगात. दोघंही रेडिओवर बोलत होते, दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं ३४० च्या पायलटनं बघून टाळलं नाही हे कारण दिलं आणि जास्त वेग हेही. आमच्यातल्या काही जणांना तो एअरपोर्ट नेहमीचा, तिथे शनिवारी जेवायला जातो आम्ही. बाई म्हणाल्या, रेडिओ तुम्हाला कुठे बघायचं ते सांगतो, बघायचं तुम्हालाच. पॅटर्नमध्ये आधीच माणसं असतील तर सरळ आत घुसू नका, पंचेचाळीस अंशात डाउनविंडला या, सगळ्यांना तुम्ही दिसता आणि तुम्हाला सगळे.

उच्चारांबद्दल आपल्या लोकांना फार धास्ती असते म्हणून दोन शब्द. माझ्या ॲक्सेंटचा एकदाही प्रॉब्लेम आला नाही. प्रॉब्लेम दोन गोष्टींचा होता. एक, वेग. आपण घाबरलो की भरभर बोलतो, आणि बाकीच्यांनाही वाटतं की भरभर बोलणं म्हणजे अनुभवी. दुसरं म्हणजे आकडे. आपण फोन नंबर सांगताना "डबल टू" म्हणतो ना, ते माझ्या तोंडातून दोनदा गेलं, १२२.७ ला "वन डबल टू", समोरच्याला काही कळेना. प्रत्येक आकडा सुटा बोलायचा, रनवे ३१ ला "थर्टी वन" नाही, "थ्री वन". आणि नाइनला "नाइनर", कारण खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात. हे आठवडाभरात सुधारतं.

आता तक्रारी. बॅच नऊ जणांची होती, सहाच्या वर घ्यायला नको होती, तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला प्रत्यक्ष बोलायला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली. दिलेली प्रिंटआउट एफएएच्या २०१८ च्या सर्क्युलरवरून केलेली होती, त्याची नवीन आवृत्ती जून २०२३ मध्ये आलीय, मी विचारल्यावर ऑफिसमधल्या मुलानं "सेमच आहे" म्हणून विषय संपवला, हे मला पटलं नाही, पैसे घेताय तर कागद ताजे ठेवा. बाईंनी स्वतः वर्गात नवीनच शिकवलं हे सांगायला हवं. रात्रीचं काही नव्हतं, रनवेचे दिवे माइकचं बटण दाबून लावायचे असतात, पाच सेकंदांत सात वेळा म्हणजे पूर्ण उजेड, पाच वेळा मध्यम, तीन वेळा कमी, हे फक्त तोंडी सांगितलं, एक संध्याकाळ ठेवली असती तर किती कामाचं झालं असतं. आणि माइकचं बटण अडकलं तर काय, यावर अजून वेळ हवा होता, एका माणसाचं बटण अडकलं की अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पडते आणि त्याचं त्याला कळतही नाही. हँगरमध्ये सकाळी गारठा असतो, कॉफी बरी. तारीख बदलायची तर पैसे कापतात, हे बुकिंग करताना कुठेही लिहिलेलं नव्हतं, बॅचमधल्या एका बाईंचे कापले.

फी मला तिसऱ्या दिवसाच्या विमानभाड्यासकट ४२० डॉलर पडली. स्वस्त नाही. पण तेवढ्यात आजकाल विमान किती तास मिळतं ते ज्यांनी भाडं भरलंय त्यांना माहितेय. टॉवरच्या एअरपोर्टवर शिकत असाल तर पहिल्या सोलो क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे एकट्यानं दुसऱ्या एअरपोर्टला जायच्या लांबच्या उड्डाणाच्या आधी करा. टॉवर नसलेल्या ठिकाणीच शिकलेल्यांना पहिला शनिवार कंटाळवाणा वाटेल, पण दुसऱ्यासाठी जा. जे अजून शिकायला सुरुवात करणार आहेत त्यांना थोडं लवकर होईल. माझा एक सोलापूरचा मित्र नुसता उत्सुकतेपोटी बरोबर आला होता, त्याला मजा आली पण अर्धं डोक्यावरून गेलं.

घरी प्रॅक्टिस कशी करतो ते पण सांगतो, याला पैसे लागत नाहीत. मी आणि तो मित्र ऑफिसला एकाच गाडीतून जातो. तो चालवतो, मी बोलतो. "फ्रीमाँट ट्रॅफिक, ग्रे होंडा, टू माइल्स नॉर्थ ऑफ मिशन बुलेव्हार्ड, साउथबाउंड, टेकिंग नेक्स्ट एक्झिट, फ्रीमाँट." तो मधेच म्हणतो, "अरे, मागचा ट्रक कुठेय सांग आता." आरसा न बघता सांगायचं. आधी चुकायचं, आता दहातलं आठ वेळा बरोबर येतं.

पुढच्या बॅचबद्दल विचारलं तर डिसेंबर-जानेवारीत ठेवत नाहीत म्हणाले, व्हॅलीत तेव्हा टूली फॉग म्हणजे दाट धुकं असतं, सकाळी रनवेचं दुसरं टोकसुद्धा दिसत नाही. फेब्रुवारीच्या शेवटानंतर बघा. स्वतःचा हेडसेट न्या, तिथले जुने आहेत आणि डाव्या कानाला कमी ऐकू येतं. दुसऱ्या शनिवारी टोपी आणि पेन्सिल न्या, पेन नको, ठिपके खोडायला लागतात.